धार आणि पाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला परदेशप्रवासावर लेख मागितला, तेव्हा मी थोडा संकोचलो. आपल्या स्मरणिकेत नायगाऱ्याचे वर्णन आजवर अनेकदा येऊन गेले आहे आणि तो मी पाहिलेलाही नाही. २०२४च्या उन्हाळ्यात मुलीकडे अटलांटाला महिनाभर राहिलो, त्यात आवर्जून पाहिले ते एकच, आणि ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला होता. मी चाकूंच्या प्रदर्शनाला गेलो होतो. "आयुष्यभर तेच हातात धरून पोट भरले नाही का?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही.

माझ्या या छंदाची कल्पना आपल्यापैकी अनेकांना आहे. १९७८ साली एका वृद्ध रुग्णाच्या घरच्यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर फीबरोबर एक पितळी अडकित्ता आग्रहाने माझ्या हाती ठेवला. मोराच्या आकाराचा, डोळ्यांच्या जागी लाल काचमणी बसवलेला, पात्यांना मात्र अस्सल पोलाद. तेथून अडकित्ते सुरू झाले. मग पावशी, वस्तरे, कात्र्या, पानाच्या डब्यातल्या छोट्या सुऱ्या, आणि पुढे दोन कट्यारी व एक बिचवा. पुण्याला एका परिषदेसाठी गेलो असता व्याख्याने सोडून राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढला आणि माझा छंद किती किरकोळ आहे हे कळले. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांचा. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथली अडकित्त्यांची कपाटे पाहताना मनात आले, की राजवाड्यांच्या वस्तू कुणीही जपेल, पण घराघरांतल्या माजघरातली वस्तू जपायला वेगळी नजर लागते.

अटलांटाला निघताना मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत मी एक वस्तू गुंडाळून घेतली होती. वडिलांचा कलमाचा चाकू.

सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकांना तो काय असतो हे सांगायला नको, पण बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्या सभासदांच्या मुलांसाठी लिहितो. संत्र्याचे झाड बीपासून वाढवीत नाहीत. जंबेरीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीच्या ढालीसह अलगद काढून त्या छेदात सरकवतात आणि वरून घट्ट बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. छेद सालीपुरताच हवा; आतल्या लाकडाला धार लागली तर डोळा धरत नाही. त्वचारोपण शिकताना आमचे सर ज्या गोष्टी घसा फोडून सांगत, रोपण करायची जागा ओली नि ताजी हवी, खाली रक्त साचता कामा नये, बांधणी हलता कामा नये, त्या सर्व मी चवथीत असताना वडिलांच्या पाठीशी उकिडवे बसून पाहिल्या होत्या. हिवाळ्यात ते दिवसाकाठी शेकड्यांनी डोळे भरीत.

त्यांचा चाकू गावच्या लोहाराने मोडक्या कानशीपासून घडवला होता. पाते जेमतेम अडीच इंच. मूठ तिवसाच्या लाकडाची, शेवटी चपटी करून निमुळती केलेली, म्हणजे त्याच टोकाने साल उचलता यावी. वडिलांच्या उजव्या हाताचे करंगळीजवळचे बोट लहानपणी चरकात सापडून वाकडे झाले होते. लोहाराने मूठ त्या बोटाच्या मापाने खोलगट करून दिली होती. दुसऱ्या कुणाच्या हाती तो चाकू नीट बसत नसे.

वर्षानुवर्षे दगडावर घासून पाते निम्मे झिजले होते आणि मुठीला चीर गेली होती. प्रदर्शनात एखाद्या कुशल कारागिराकडून तो 'नवा' करून घ्यावा आणि दवाखान्यात काचेच्या चौकटीत लावावा, असा माझा बेत होता.

अटलांटाचे हे प्रदर्शन, 'ब्लेड शो', १९८२पासून चालत आले आहे. दरवर्षी जूनच्या सुरुवातीला तीन दिवस भरते. जावयांनी पहिल्या दिवसाचे तिकीट काढले होते. दार उघडण्याआधी तासभर पोहोचलो तरी रांग इतकी लांब, की मला जामसावळीच्या हनुमान जयंतीची आठवण झाली. रांगेत विशीतल्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या वृद्धांपर्यंत सारे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःचे चाकू भरलेली बॅग. आपल्याकडे अशी रांग दिसली असती तर पोलिसांची गाडी आधी येऊन उभी राहिली असती.

आत शेकडो टेबले. मोठ्या कारखान्यांचे झगमगते विभाग मी घाईने ओलांडले, त्यात विशेष काही नाही. गंमत होती ती एकेकट्या कारागिरांच्या छोट्या टेबलांवर. काळ्या मखमलीवर चार किंवा पाच चाकू, मागे खुर्चीत स्वतः घडवणारा. वर्षभरात त्याच्या हातून निघतात ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तासात विकले जातात. फार मागणी असलेल्या कारागिराकडे तर पैसे असूनही चाकू मिळत नाही. टेबलावरच्या डब्यात नावाची चिठ्ठी टाकायची, ठरलेल्या वेळी चिठ्ठी उचलली जाते, आणि ज्याचे नाव निघेल त्याला ठरल्या किमतीत चाकू विकत घेण्याचा हक्क मिळतो. एका टेबलाशी असा सोडतीचा प्रसंग पाहिला. ज्याचे नाव निघाले तो सहा फुटी दणकट गृहस्थ लहान मुलासारखा रडला. किंमत होती काही हजार डॉलर, आणि तो चाकू कधी टोमॅटोही कापणार नव्हता.

संग्राहकांचे शिष्टाचार मला फार ओळखीचे वाटले. विचारल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. पात्यावर बोट टेकवायचे नाही, कारण घामाचा ठसा पोलादाला गंज चढवतो. धार अंगठ्याने चाचपायची नाही. परत देताना मूठ पुढे, पाते स्वतःकडे. माझी पद्धत पाहून एका कारागिराने मी काय करतो ते विचारले. शल्यचिकित्सक आहे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, की वाटलेच, डॉक्टर आणि खाटीक यांच्या हातात चाकू कसा दिसतो ते मला कळते. दोघांचा त्याने एकत्र उल्लेख केला याचे मी मनावर घेतले नाही.

त्याच्याच शेजारी दगडांचा विक्रेता होता. त्याच्याकडची एक पांढुरकी, गुळगुळीत वडी उचलली आणि मी एकदम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या शस्त्रक्रियागृहात पोहोचलो. अर्कान्सा दगड! त्या काळी फेकून देण्याची पाती आपल्याकडे चैनीची वस्तू होती. मॉर्गन पार्कर या अमेरिकन अभियंत्याने बदलता येणाऱ्या पात्याचे पेटंट १९१५ साली घेतले, पण आमच्या शिकण्याच्या दिवसांतही बारा रुग्णांच्या यादीला पाती तीन अशी स्थिती असे. शस्त्रक्रियागृहातले एक ज्येष्ठ कर्मचारी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, रोज सायंकाळी तेलाचे दोन थेंब टाकून याच दगडावर पाती आणि टोचणीच्या सुयासुद्धा धार करून ठेवीत. त्या दगडाचे नाव एका अमेरिकन राज्यावरून पडले आहे हे मला तोवर ठाऊकही नव्हते. मी ती वडी विकत घेतली. प्रदर्शनात मी केलेली ती एकमेव खरेदी.

या मंडळींच्या विद्येविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्यात आपल्या व्यवसायाचे आणि आपल्या देशाचेही नाते आहे.

अमेरिकेत हाताने पोलाद घडवणाऱ्यांची एक संस्था १९७६ साली बिल मोरान यांच्या पुढाकाराने निघाली. तिच्या पहिल्या पायरीची परीक्षा मला एका तरुण लोहाराने समजावून सांगितली. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या चाकूने प्रथम इंचभर जाडीचा, वरून सैल लोंबणारा दोर एका फटक्यात तोडायचा. मग सुमारे दोन इंच बाय चार इंचाचा लाकडी वासा दोनदा तोडायचा. एवढे झाल्यावर त्याच धारेने, मध्ये पाजल्याशिवाय, हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायचे आणि ते मोडता कामा नये. धार कठीण हवी आणि पाठ चिवट, हा त्या परीक्षेचा अर्थ. केवळ कठीण पोलाद काचेसारखे फुटते, केवळ मऊ पोलाद धार धरीत नाही.

केस भादरण्याची गोष्ट ऐकली आणि मी त्याला सुश्रुताविषयी सांगू लागलो. सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत, हे आपण सगळे भाषणांतून ऐकतो. पण त्यातला पोलादाचा भाग कुणी वाचीत नाही. शस्त्राची धार केस कापील इतकी तीक्ष्ण असावी, ही कसोटी तेथे स्पष्ट आहे. एवढेच नव्हे, तर कोणत्या कामाला किती बारीक धार लागते याचे मापही दिले आहे. भेदनाच्या शस्त्राला मसुरीच्या डाळीइतकी, लेखनाच्या शस्त्राला तिच्या निम्मी, वेधनासाठी केसाइतकी आणि छेदनासाठी अर्ध्या केसाइतकी. धार टिकवण्यासाठी शेवरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे ते पायन, म्हणजे आपले लोहार ज्याला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात ते. सुश्रुत ते तीन प्रकारचे सांगतो: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाड छेदणाऱ्या शस्त्राला क्षाराचे, मांस कापणाऱ्याला पाण्याचे, आणि शिरा वेधणाऱ्या नि स्नायू छेदणाऱ्या नाजूक शस्त्राला तेलाचे.

तो तरुण माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या कार्यशाळेतही तीनच पिंपे होती, मिठाच्या पाण्याचे, साध्या पाण्याचे आणि तेलाचे. तापलेले लाल पोलाद किती वेगाने निवते यावर त्याची कठीणता ठरते. खारे पाणी सर्वांत वेगाने निववते, तेल सर्वांत सावकाश. क्षार आणि मीठ एक नव्हेत हे मला मान्य आहे, पण विचाराची दिशा एकच. त्याने कागदावर सुश्रुताचे नाव लिहून घेतले. मी त्याला हेही सांगितले, की सुश्रुताने सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ मानला तो हात. त्यावर त्याने स्वतःचा, भाजल्याच्या डागांनी भरलेला तळहात पुढे केला.

दुसरी गोष्ट वुट्झ पोलादाची. प्रदर्शनात जिकडेतिकडे पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली पाती होती. त्यांना दमास्कस म्हणतात. यातली बहुतेक दोन जातींच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेली असतात. मोरान यांनी १९७३ साली ती अमेरिकेत प्रथम मांडल्यापासून त्यांची लाट आली. पण जुन्या जगात ज्या तलवारींना हे नाव मिळाले त्यांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातल्या मुशींत शिजलेले होते, आणि त्यांची लाट थरांची नसून पोलादाच्या आतल्या स्फटिकांची होती. ही विद्या एकोणिसाव्या शतकात लोपली. १७९४च्या सुमारास मुंबईतले एक कंपनी सरकारचे डॉक्टर, हेलेनस स्कॉट, यांनी या पोलादाचे तुकडे लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. ते तपासणाऱ्यांपैकी जेम्स स्टोडार्ट हे लंडनमधले शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारे कारागीर होते, आणि त्यांनी बारीक धारेच्या हत्यारांसाठी या हिंदी पोलादाला सर्वश्रेष्ठ ठरवले. पुढे तरुण मायकेल फॅरडे, जो स्वतः लोहाराचा मुलगा, त्याने याच स्टोडार्टबरोबर पोलादावर प्रयोग केले आणि १८२० साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. विजेचा फॅरडे आपल्याला शाळेत भेटतो, पोलादाचा फॅरडे मला चाकूंच्या बाजारात भेटला.

या पोलादाचे कोडे बऱ्याच अंशी सुटले तेही दोघांच्या जोडीने: फ्लोरिडातला घोड्यांना नाल मारणारा अल पेंड्रे आणि आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन. १९९८ साली त्यांनी दाखवले, की ती नक्षी उमटते ती पोलादात अत्यल्प प्रमाणात असलेल्या व्हॅनेडियमसारख्या अशुद्धींमुळे. ठरावीक खाणींचे लोहखनिज संपले असावे आणि त्याबरोबर लोहारांच्या हाती असलेली कृती फोल ठरली असावी, असा त्यांचा तर्क आहे. लोहार तोच, कृती तीच, आणि पोलाद मात्र रुसले. डॉक्टरांना यात नवल वाटू नये.

येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. १९९१ साली एका खेड्यातल्या जुन्या घराण्याकडून मी एक कट्यार घेतली होती. काळी पडलेली, डागाळलेली. मी उत्साहाने लिंबू, चिंच आणि काचकागद घेऊन बसलो आणि चार रविवारांत ती आरशासारखी लखलखीत केली. आल्यागेल्याला अभिमानाने दाखवीत असे. तिचे छायाचित्र मी प्रदर्शनातल्या जुन्या शस्त्रांच्या एका जाणकाराला दाखवले. त्याने भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि फक्त एवढेच विचारले, की यावर आधी काय होते? मग त्याने मुठीजवळचा, माझ्या काचकागदातून वाचलेला बोटभर भाग दाखवला. तेथे अंधूक लाट होती, आणि सोन्याच्या तारेचा एक तुटका ठिपका. बाकी सगळे मी घासून टाकले होते. शल्यचिकित्सकाने अनावश्यक छेद घेतल्यावर जसे वाटते तसे मला वाटले. लाट पुन्हा उठवता येईलही, पण सोने आणि त्यात काही अक्षरे असतील तर ती, गेली ती गेली.

त्या अक्षरांची किंमत मला पुढल्या वर्षी अधिक कळली. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये झाल्याचे प्रसिद्ध झाले. ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. आपला हा मुलूख त्याच भोसल्यांच्या राज्यातला, म्हणून मी त्या बातम्यांची कात्रणे ठेवली आहेत. तिचे पाते युरोपात घडलेले, म्हणून ती फिरंग, मूठ मात्र इकडची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि त्यांचा सेनासाहेब सुभा हा किताब. ती तलवार कुणाची हे सांगणारी ती एक ओळ. माझ्यासारख्या एखाद्या उत्साही माणसाच्या हाती ती पडली असती आणि त्याच्याकडे काचकागद असता तर?

कायद्याचेही दोन शब्द, कारण अनेक स्नेही विचारतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीकामाची नसलेली हत्यारे शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणूनच कट्यारीचे मी फक्त छायाचित्र नेले होते.

दुपारी थकून एका कडेच्या टेबलाशी टेकलो. तेथे कारागीर नव्हता. सत्तरीच्या पुढची एक बाई बसली होती आणि समोर चाळीसएक चाकू, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी. पतीचा संग्रह होता. गृहस्थ आदल्या हिवाळ्यात वारले होते. ते दर शनिवारी सगळे चाकू बाहेर काढून तेलाचा हात देत आणि ती त्यांना कॉफी आणून देई. "चाळीस वर्षे कॉफी दिली, पण एकाही कारागिराचे नाव मला माहीत नाही," असे ती म्हणाली. मुलांना काहीच नको होते. किमती तिने एका ओळखीच्याकडून लावून घेतल्या होत्या. मी तेथे असतानाच एका माणसाने दोन चाकू निवडले, घासाघीस केली नाही, पैसे दिले, आणि जाताना तिला सांगितले, की तुमच्या यजमानांनी हा चाकू कोणाकडून आणि कोणत्या वर्षी घेतला ते मला ठाऊक आहे, मी त्या वेळी रांगेत त्यांच्या मागे होतो. बाईंनी त्याला खुर्ची दिली. नंतर दोघे बराच वेळ बोलत होते.

मी घड्याळ पाहिले, पण लक्ष तिकडे नव्हते. माझ्या कपाटातले अडकित्ते कोणी कोणाचे म्हणून ओळखील? मी एकही नोंद ठेवलेली नव्हती. कोणता कोणाच्या घरचा, कोणत्या गावच्या कासाराचा, सगळे माझ्या डोक्यात. आणि डोक्याचे वय बाहत्तर.

शेवटी वडिलांचा चाकू घेऊन मी त्या तरुण लोहाराकडे परत गेलो. फडके उलगडले. त्याने चाकू हाती घेतला, पकड बदलून पाहिली, पुन्हा बदलली, आणि मग म्हणाला, की हा माझ्या हातात बसत नाही. मी वाकड्या बोटाची गोष्ट सांगितली. पाते कशाने झिजले ते विचारले, तेही सांगितले. मूठ बदलून पाते नव्याने घासून द्यायला किती घेशील, असे मी विचारले. तो म्हणाला, की काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि मी ते करणार नाही. पात्याला अजून चांगले पाणी आहे. नखाने टिचकी मारून त्याने मला तो नाद ऐकवला. मुठीच्या चिरेत थोडे जवसाचे तेल भरा, दगडावर दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. नंतर त्याने विचारले, "आता याने कोण काम करते?"

मी म्हटले, कोणी नाही, मी हा चौकटीत लावणार आहे. त्याने चाकू फडक्यात गुंडाळून परत दिला, काही बोलला नाही.

परत आल्यावर प्रथम वह्या आणल्या. एकेक अडकित्ता काढून त्याची हकीकत लिहितो आहे. आजवर एकतीस झाले. सौभाग्यवती चहा आणून देतात आणि आता अधूनमधून मला दुरुस्तही करतात, कारण पुष्कळ रुग्णांची नातीगोती त्यांना माझ्यापेक्षा अधिक आठवतात. मोराचा अडकित्ता ज्या घरचा, त्या घरी फोन केला. तो परत हवा का, असे विचारले. नातसून म्हणाली, की नको जी, पण फोटो पाठवा. कट्यारीच्या पानावर मी काचकागदाची गोष्ट लिहून ठेवली आहे.

चौकट मात्र केली नाही. त्या हिवाळ्यात सौंसरजवळच्या आमच्या शेतावर चुलतभाऊ नव्या रोपांना डोळे भरीत होता. त्याच्या हाती बाजारातला प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू होता. अर्कान्साच्या दगडावर धार करून वडिलांचा चाकू मी त्याला दिला. त्याने दोनचार रोपांवर चालवून पाहिला आणि कुरकुरला, "दादा, पातं लय बारीक झालं, अन् मूठ रुतते हाताला." तरी सायंकाळपर्यंत तोच वापरला. महिन्याभराने बांध सोडले तेव्हा त्या दिवशीच्या डोळ्यांपैकी बहुतेक हिरवे निघाले. त्याच्या नेहमीच्या चाकूचेही तितकेच निघतात असे त्याने लगेच ऐकवले.

मग म्हणाला, की धार मात्र दिवसभर उतरली नाही, असाच एक माझ्या मापाचा करून मिळेल काय? आम्ही दोघे गाडीवर बसून गावात गेलो. लोहाराचे घर आहे. भात्याच्या जागी आता वेल्डिंगचे यंत्र आहे, आणि नातू ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडतो. आजोबा कानशीचा चाकू कसा करत ते त्याने लहानपणी पाहिले होते. ऐरण मागच्या अंगणात तुळशीजवळ पडली होती. त्याने चाकू उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, की ठोकून तर देईन, पण पाणी किती द्यायचे ते कोणाला विचारू? मी अटलांटाच्या त्या पोराचा पत्ता शोधून काढला आहे. पत्र माझ्या मुलीने इंग्रजीत लिहून दिले. सोबत मोडक्या कानशीचा एक तुकडाही पाठवला आहे.